ती कामावर आहे

"हात लावू नका हं. ती कामावर आहे."

सिग्नलला शेजारी उभी असलेली आंधळी मुलगी हे म्हणाली, अगदी साध्या आवाजात, दुकानात कुणी 'जरा सरकता का' म्हणावं तसं. कुत्रीला थोपटायला वाकलेल्या बाईचा हात डोक्याच्या वीतभर वर तसाच राहिला. तिला कुत्र्यांचं प्रेम होतं अशातला भाग नाही. उलट गेले तीन आठवडे कुत्रा हा शब्द नुसता कानावर आला तरी ती तिथून उठून जायची. मग हात गेलाच कशाला? गेला आपला. पिवळसर, शहाण्या चेहऱ्याचं ते जनावर समोर बसलं होतं, पाठीवर पट्टा, पट्ट्याला दांडी, आणि दांडीवर मुलीची बोटं. त्या दांडीतूनच मुलीला कळलं असणार, की कुणीतरी लाडात आलंय. "सॉरी," ती पुटपुटली. मुलीनं मान हलवली, दिवा बदलला, कुत्री उठली आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या. गर्दी आपण होऊन बाजूला सरत होती. ती मात्र फुटपाथच्या कडेला उभीच राहिली. दिवा पुन्हा लाल झाला, मागच्या माणसानं "ओ बाई" केलं, तेव्हा कुठं ती एक पाऊल मागे सरकली.

कामावर आहे. म्हणजे काय थाट बघा. एका जनावराचं काम हे काम असतं, त्यात कुणी लुडबुड करायची नसते, आणि तसं चारचौघांत सांगायलाही कुणाला संकोच वाटत नाही. तिच्या वेळी कुणी म्हटलं होतं का हे? पहिलीत होती ती, पाठीवर दप्तर, आणि उजव्या खांद्यावर आंधळ्या बाबांचा हात. इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते ते. आई रात्रपाळी करून सकाळी झोपायची, त्यामुळे बाबांना आधी कामावर सोडायचं, मग शाळेत जायचं, संध्याकाळी परत आणायचं. ती एक पाऊल पुढे आणि बाबा एक पाऊल मागे, म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं पुढारी. "चला पुढारी," म्हणायचे, आणि खांद्यावरच्या बोटांनी हलकेच दाबायचे. लोकांना काय कौतुक! बसथांब्यावरच्या बाया गाल ओढायच्या, केसांतून हात फिरवायच्या, किती गुणाची गं पोर, नाव काय तुझं, कितवीत आहेस. नाव सांगायला तिनं मान वर केली आणि तेवढ्यात बाबांचा गुडघा लोखंडी बाकाला आपटला, तर बोलणी कुणाला? त्या बाईला नाही. "लक्ष कुठं असतं तुझं?" बाबा म्हणाले होते. बाईसुद्धा म्हणाली होती, "बाळा, लक्ष द्यायचं हं." आज इतक्या वर्षांनी त्या बाईचा जाडा, पावडर लावलेला हात तिला जसाच्या तसा आठवला, आणि तो हात धरून पिरगळावासा वाटला.

या खेपेला ती वेळेवर रस्ता ओलांडून गेली. अर्धी रजा टाकली होती, चार वाजता वकिलाकडे पोचायचं होतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. प्लास्टरच्या साच्यावर मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, घासायचं, चकाकी आणायची. दिवसभर लोकांचे दात करायचे आणि घरी येऊन दातओठ खायचे, असं ती स्वतःबद्दलच एकदा लॅबमधल्या मदतनीस बाईला म्हणाली होती, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी मात्र हसू आलं नाही. जेवताना बाबांनी बोटांनी ताटाची कड चाचपत सांगितलं, "मी ठरवलंय. माझ्यामागे हे घर कुत्र्यांच्या संस्थेला." जसं काही, मी ठरवलंय, उद्यापासून चहात साखर नको. ती म्हणाली, "आणि मी?" बाबांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा कड चाचपू लागला. "तुला काय गं. तुला दिसतंय," ते म्हणाले.

हा त्यांचा हुकमाचा पत्ता. जन्मभर त्यांनी तोच टाकला आणि जन्मभर ती हरत आली. शाळेच्या सहलीला जायचं होतं तेव्हा, तुला काय, तुला दिसतंय, आयुष्यभर बघशील. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला ती आवडली होती, तिलाही तो हवा होता, आणि त्याची एवढीच अट होती, की बाबांनी वेगळं राहावं, सोबतीला कुणीतरी ठेवू. तेव्हा बाबा रागावले नाहीत, रडले नाहीत. "जा की," म्हणाले, "तुला काय. मीच काय तो चाचपडेन." ती गेली नाही. आई तर आधीच गेली होती, त्यामुळे प्रश्नच मिटला. आता पन्नाशी उलटल्यावर त्या दोन खोल्यांखेरीज तिच्याजवळ होतंच काय? आणि त्या खोल्या तरी कसल्या. इतक्या वर्षांत तिथली एक खुर्ची इंचभर हललेली नाही, कारण बाबांना सगळं पायांनी पाठ. टेबल दाराशी म्हणजे दाराशी. तिला ते टेबल एकदा खिडकीपाशी ओढायचं होतं. उजेडात बसून जेवायचं होतं. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण बाबा गेल्यावर आपण पहिलं काय करू, याचं उत्तर तिच्यापाशी तयार होतं, आणि ते उत्तर मनात आलं की तिला स्वतःची लाजही वाटत नव्हती. आज मात्र ती ठरवून निघाली होती. वकिलाकडे चालत जाताना बाबांशी बोलायचं. मृत्युपत्रावर सही व्हायच्या आत, सरळ, एका वाक्यात: घर माझ्या नावावर करा.

गंमत अशी, की बाबा कुत्र्यांना भितात. हो, भितात. रस्त्यात कुठं भुंकणं ऐकू आलं की खांद्यावरची बोटं कातडीत रुतायची आणि ते तिला पुढे करायचे. एवढीशी पोर, तिलाही भीती वाटायचीच ना? पण ती मध्ये. त्या माणसाला म्हातारपणी कुत्र्यांचा पुळका आला तो फोनवरून. संस्थेच्या बाईनं कुठल्याशा देणगीसाठी फोन केला, आणि बाबा त्या आवाजावर विरघळले. टेलिफोनवर जन्म काढलेला माणूस, आवाजाला भुलला नसता तरच नवल. मग रोज फोन. काका, कसे आहात. काका, आज एक पिल्लू पहिल्यांदा जिना उतरलं. काका, वारसा देणाऱ्यांचं आमच्याकडे एक छोटंसं कुटुंबच आहे. कुटुंब! आणि एक दिवस, काका, या ना बघायला. बघायला न्यायचं कुणी? हिनंच.

त्या दिवशी गोड आवाजाच्या बाईनं बाबांच्या मांडीवर एक पिल्लू ठेवलं होतं. बाबांनी कोपरं अंगाशी आखडून घेतली होती पण तोंड हसत होतं. ती बाकावर बसून होती, कुणी तिला पाणीही विचारलं नाही. आंधळ्यांना रस्ता दाखवायला कुत्र्यांना शिकवणारा तिथला माणूस मोठ्या उत्साहानं सांगत होता. म्हणाला, यांना सगळ्यात अवघड काय शिकवतो, तर हुकूम मोडायला. मालक म्हणाला चल, आणि समोरून गाडी येतेय, तर कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. हललं नाही तर शाबासकी. बाबा म्हणाले, वा वा, काय अक्कल आहे. तिच्या डाव्या कानाची पाळी एकदम तापली. इस्पितळाच्या आधीच्या चौकात ती अशीच थांबली होती, मालाचा ट्रक उतारावरून आवाज न करता येत होता म्हणून. बाबांना उशीर झाला होता. चल म्हटलं तरी हलेना, तेव्हा त्यांनी बरोबर अंदाजानं कान शोधला आणि पिळला. ट्रक गेल्याचा वारा दोघांच्याही अंगावर आला, पण बाबांनी त्याचा उच्चारही केला नाही, आणि संध्याकाळी एक पेपरमिंट दिली. तो माणूस पुढे सांगत होता, साताठ वर्षं झाली की पट्टा उतरवतो आम्ही. मग एखाद्या चांगल्या घरी देतो. मग काम नाही, नुसतं खायचं आणि लोळायचं. "नुसतं लोळायचं?" तिनं विचारलं. तेवढंच ती त्या दिवशी बोलली. आणि निघताना ती बाई म्हणाली, काका, येणाऱ्या पिल्लांपैकी एकाचं नाव तुम्ही ठेवायचं, आमच्याकडे पद्धतच आहे. बाबांनी विचारही केला नाही. "पुढारी," ते म्हणाले. मग तिच्या दिशेनं तोंड करून मोठ्या प्रेमानं हसले, जणू तिला बक्षीस दिलं.

घरी पोचली तर बाबा कपडे करून खुर्चीत तयार. "आलीस? प्लास्टरचा वास आला बघ तुझ्याआधी. केस नीट आहेत का गं माझे?"

"नीट आहेत."

"न बघता सांगतेस. ती बाई येणार आहे आज."

तिनं बघितलं. केस नीटच होते. तिनं कोपर पुढे केलं, त्यांनी धरलं. ती मोठी झाल्यावर हात खांद्यावरून कोपरावर आला, एवढीच काय ती बढती. बाहेर ऊन उतरत होतं, एका दुकानाबाहेर फरशी धुणं चाललं होतं. ती मनात वाक्य जुळवत होती. "बाबा, एक बोलायचं होतं." "बोल की." "ते घराचं... पाणी आहे, डावीकडे या." "आलो. घराचं काय?" "मी म्हणत होते, तुम्ही एकदा... थांबा. सायकल." "हं." "तुम्ही एकदा नीट विचार... पायरी. अजून एक." तिला एकदम हसू फुटणार होतं, आणि ते फुटलं असतं तर ती तिथंच फुटपाथवर बसून रडली असती. आयुष्यभर ती या माणसाशी बोलत आली होती, उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि त्या सगळ्या बोलण्यात काय होतं? पायरी, खांब, चिखल, वाका, थांबा, चला. दुसरं बोलायला तिचं तोंड कधी रिकामं नव्हतंच. तिला त्या कोपरावरच्या बोटांचा विलक्षण राग आला. म्हाताऱ्या, स्वच्छ, नखं कापलेल्या बोटांचा. नखंही तीच कापायची. वकिलाच्या इमारतीपाशी ती थांबली, त्यांच्याकडे वळली आणि श्वास न घेता म्हणाली, "घर माझ्या नावावर करा, बाबा."

बाबांनी मान तिरकी केली, फोनवर नीट ऐकू आलं नाही की करायचे तशी. त्यांना नीट ऐकू आलं होतं. "आलं का वकिलाचं?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"मग चल. वर जिना आहे म्हणालीस ना?"

वकील तरुण होता, सर्दीनं नाक लाल झालेला. बाजूला त्याची टायपिस्ट, आणि खुर्चीच्या कडेवर ती गोड आवाजाची बाई, छातीवर कुत्र्याच्या पंजाची पिन लावलेली. "काका!" ती म्हणाली, आणि बाबांचा चेहरा उजळला. हिला ते बघवेना. घरी कधी हा चेहरा दिसला नव्हता. वकिलानं सांगितलं, यांना दिसत नसल्यामुळे मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि मग तो नाक पुसत वाचू लागला. सज्ञान, स्वखुशीनं, पूर्ण शुद्धीत. सदर घर, दोन खोल्या, पहिला मजला. माझी मुलगी धडधाकट आणि कमावती असल्यानं तिची वेगळी तरतूद केलेली नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. इथपर्यंत तिला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं दुखणं माणूस सोसतं. मग वकील म्हणाला, "पुढचा परिच्छेद काकांनी स्वतः सांगितलाय, शब्द न बदलता घेतलाय," आणि वाचलं: "मी एका लहान मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आयुष्य काढलं. तिचं लहानपण त्यात गेलं. दुसऱ्या कुठल्या मुलीवर ही वेळ येऊ नये, म्हणून मी हे देत आहे."

टायपिस्टनं तिच्याकडे बघितलं. संस्थेच्या बाईचे डोळे भरून आले आणि तिनं पुढे होऊन हिचा हात दाबला, आता तरी सगळं फिटलं ना, अशा अर्थानं. सगळे वाट बघत होते, की हिच्याही डोळ्यांत पाणी येईल. तिनं हात सोडवून घेतला. म्हणजे बाबांना माहीत होतं. इतकी वर्षं तिनं स्वतःची एकच समजूत घातली होती, की त्यांना कळत नाही. ज्याला दिसत नाही त्याला कसं कळणार, आपला चेहरा कसा होतो, आपण कुठं बघत उभ्या राहतो, शाळेच्या पटांगणावर पोरी खेळताना. त्या एका समजुतीवर तिनं सगळं निभावलं होतं. आणि यांना माहीत होतं, शब्दन् शब्द, आणि ते सांगितलं कुणाला? या नाक गळणाऱ्या पोराला, कागदावर घालायला. हळहळ वाटली तीही परक्यांच्या मुलींसाठी. त्यांना कुत्रा मिळणार, त्या खेळणार, आणि त्याची किंमत पुन्हा हिच्याच डोक्यावरचं छप्पर.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "दुसऱ्या मुलीवर वेळ येऊ नये, बरोबर. पहिलीचं काय?"

वकील कागदांत बघू लागला. बाबांनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझं झालं ना आता करून? ज्यांचं व्हायचंय त्यांचं बघायला नको का? तुला काय, तुला..."

"दिसतंय," ती म्हणाली.

"तेच."

वकिलानं घसा साफ केला. सह्यांची वेळ झाली होती, पण घोटाळा असा, की एक साक्षीदार टायपिस्ट, आणि दुसरा म्हणून ज्याला सांगून ठेवलं होतं तो खालचा झेरॉक्सवाला दुकान बंद करून गेला होता. संस्थेची बाई चालत नव्हती, कारण संस्थेला मिळणार होतं. "साक्षीदाराला यातून काही मिळत नसलं पाहिजे, एवढीच अट," वकील म्हणाला. "बाकी कुणीही चालतं."

"मग ही आहे ना," बाबा म्हणाले. "हिला कुठं काय मिळतंय."

त्यात कुजकेपणा नव्हता. एक्स्चेंजमध्ये बसून, तो डॉक्टर नसेल तर हा आहे, जोडून देतो, असं सांगायचे, तसंच ते म्हणाले. टायपिस्टनं मान खाली घातली. वकील बिचारा गोरामोरा झाला, म्हणाला, तुमची हरकत नसेल तर, म्हणजे काही सक्ती नाही, आपण उद्या ठेवू. ती म्हणाली, "हरकत कसली. अटीत बसते मी." आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. वकिलानं बाबांच्या हातात पेन दिलं. पेनाचं टोक कागदावर इकडं तिकडं जागा शोधू लागलं, आणि तिचा हात सवयीनं पुढे गेला, मनगट धरून रेघेवर न्यायला, जसा बँकेत न्यायचा, पोस्टात न्यायचा. "नाही, तुम्ही नको," वकील घाईनं म्हणाला. "साक्षीदारानं मदत करायची नसते. नुसतं बघायचं." तिनं हात मागे घेतला. वकिलानं स्वतः मनगट नेलं. बाबांनी सही केली, मोठी, वर चढत गेलेली, आणि ती बघत होती. मग टायपिस्टनं केली, मग तिनं. अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याचं तिला नवल वाटलं.

"चला काका, खाली गाडी आहे, मी सोडते घरी," संस्थेची बाई म्हणाली. बाबा उठले आणि त्यांचा हात हवेत तिच्या कोपराच्या उंचीवर येऊन थांबला. तिनं तो हात मनगटाशी धरला आणि उचलून त्या बाईच्या कोपरावर ठेवला. "तुम्ही न्या," ती म्हणाली. "वारस आहात तुम्ही. हात धरून ओढायचं नाही, त्यांना आवडत नाही. तुम्ही एक पाऊल पुढे. पायरी आली की आधी सांगायचं." बाई हसली. "अहो, आमचं कामच आहे ते." ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यांना एका शब्दानं अडवता आलं असतं. नाव घेतलं असतं तरी ती पुढे झाली असती, हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणून स्वतःचीच चीड येत होती. बाबांची बोटं नव्या कोपरावर जरा चाचपडली, मापली, आणि बसली. "चला," ते म्हणाले.

ती मागून निघाली. दाराबाहेर लांबट पॅसेज होता आणि त्याच्या टोकाला जिना. चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की बाबांना चालताना आपण मागून कधी बघितलेलंच नाही. कायम पुढे होतो. फार वाईट चालत होते ते. मान खांद्यांत ओढलेली, पाऊल टाकण्याआधी पायाच्या बोटांनी जमीन तपासायची, मग टाच, आणि प्रत्येक वेळी पाठीतून एक बारीक शहारा. तो माणूस प्रत्येक पावलाला घाबरत होता. हे असंच होतं का नेहमी? तिला दया यायला हवी होती, आणि आलीही असेल कुठंतरी, पण त्याआधी एक वेगळीच गोष्ट आली, की आपण आता हे नुसतं बघतो आहोत, आपले हात मोकळे आहेत. बाई बोलत चालली होती, पिल्लं सहा झालीत काका, एक तर अगदी दांडगोबा आहे, आणि तिचं तोंड बाबांकडे होतं. जिना आला. बाईनं सांगितलं नाही. पायरी हा शब्द हिच्या जिभेवर आला होता, इतका जुना, गुळगुळीत शब्द, नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडला असता. तिनं दात घट्ट मिटले.

बाबांचा पाय कडेच्या पुढे गेला आणि हवेत राहिला. मोकळा हात फडफडला, कठडा सापडला, आणि ते अख्ख्या अंगानं त्याला चिकटले. "अगंबाई, पायरी," ती गोड आवाजाची बाई किंचाळली, पण तेव्हा तिचा आवाज मुळीच गोड नव्हता. खालून कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. श्वास जागेवर यायला बाबांना वेळ लागला. मग त्यांनी तोंड वळवलं, त्या बाईकडे नाही, मागे, प्लास्टरचा वास येत होता तिकडं.

"सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"साक्षीदारानं सांगायचं नसतं, बाबा," ती म्हणाली. "नुसतं बघायचं."

दोन्ही हातांनी कठडा धरून, बाईचं कोपर सोडून देऊन, बाबा पायानं खालची पायरी शोधू लागले. सापडली. मग पुढची. ती वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती, आणि ते खाली पोचेपर्यंत तिनं डोळे हलवले नाहीत.